कंट्री गीतांचे शब्द : जुने आणि नवे

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळात मी अमेरिकेतील कंट्री गीतांवर एक छोटा निबंध वाचला होता. त्याचा शेवट मी मोठ्या आवेशाने केला होता : "जुनी कंट्री गीते ही माणसांची गीते होती, आजची कंट्री गीते ही ट्रकची गीते आहेत." टाळ्या पडल्या. मीही मनातून सुखावले. अध्यक्षस्थानी आमच्या विभागाचे सर होते. समारोप करताना ते म्हणाले, "वाक्य चांगले आहे. पण तू जुनी गाणी निवडून ऐकलीस, आणि नवी मात्र जी सहज कानावर पडली ती. काळाने चाळून ठेवलेले धान्य एका सुपात आणि न चाळलेले दुसऱ्या सुपात घेऊन तू तुलना केलीस. हा न्याय झाला का?"

मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. पुढचे वर्षभर मी सवड मिळेल तेव्हा ही गीते पुन्हा ऐकत राहिले, त्यांचे शब्द वहीत उतरवून वाचत राहिले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या वाचनाचा वृत्तांत आहे. त्यात माझ्या त्या वाक्याचे पुढे काय झाले, तेही ओघाने येईलच.

थोडी पार्श्वभूमी

ज्या वाचकांना या संगीताचा परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. कंट्री संगीत हे मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेकडील ग्रामीण भागातून आलेले. ब्रिटिश बेटांतून आलेल्या वसाहतकारांची कथागीते, चर्चमधील भजने आणि कृष्णवर्णीयांचे ब्लूज या तिन्ही प्रवाहांचे पाणी त्यात आहे. टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या सीमेवर वसलेल्या ब्रिस्टल गावात १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये राल्फ पीर यांनी स्थानिक गायकांचे ध्वनिमुद्रण केले. कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स हे त्यातूनच पुढे आले. नॅशव्हिल शहरातील 'ग्रँड ओल ऑप्री' हा रेडिओ कार्यक्रम त्याआधीच, म्हणजे १९२५ मध्ये, सुरू झाला होता.

येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. या संगीतातील बँजो हे वाद्य आफ्रिकन वंशाच्या लोकांनी अमेरिकेत आणले. हँक विल्यम्स या गायकाला लहानपणी गिटारचे धडे देणारा रूफस पेन हा रस्त्यावर गाणारा कृष्णवर्णीय कलावंत होता. असे असूनही ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांनी १९२० च्या दशकात गोऱ्या ग्रामीण गायकांच्या आणि कृष्णवर्णीय गायकांच्या तबकड्या वेगवेगळ्या नावांखाली विकल्या. एकाच मातीतील गाणे बाजारात दोन टोपल्यांत विभागले गेले. या विभागणीची आठवण लेखाच्या शेवटी आपल्याला पुन्हा लागणार आहे.

कंट्री गीताची रचना अगदी साधी असते. तीन-चार कडवी, बहुधा एक ध्रुवपद, आणि रोजच्या बोलण्यातले शब्द. हार्लन हॉवर्ड या गीतकाराने कंट्री गीताची व्याख्या 'तीन स्वरमेळ आणि सत्य' अशी केल्याचे सांगतात. व्याख्या आकर्षक आहे. परंतु गीतातील 'सत्य' म्हणजे काय, हा प्रश्न ती तसाच ठेवते. म्हणून प्रत्यक्ष गीतांकडेच वळू या.

न रडणाऱ्या माणसाचे गाणे

पहिले उदाहरण हँक विल्यम्सच्या 'आय अ‍ॅम सो लोन्सम आय कुड क्राय' या १९४९ च्या गीताचे घेते. विल्यम्स १९२३ मध्ये अलाबामा राज्यात जन्मला आणि १ जानेवारी १९५३ रोजी, अवघ्या २९ व्या वर्षी वारला. या गीतात कथा नाही. एक माणूस रात्री जागा आहे, एवढेच. आपल्याकडील रातव्याच्या कुळातला एक पक्षी ओरडतो आहे, मध्यरात्रीची आगगाडी दुरून जाते आहे, चंद्र ढगाआड गेला आहे, पानगळीत एक पक्षी खिन्न बसला आहे, शेवटी एक तारा निखळतो. चार कडव्यांत एवढेच घडते.

प्रथम ऐकताना मला हे नेहमीचे निसर्गवर्णन वाटले होते. वहीत उतरवून पाहिल्यावर दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक म्हणजे, हा माणूस आपण रडतो आहोत असे कोठेही म्हणत नाही. रडू यावे इतका एकटा आहे, एवढेच तो म्हणतो. प्रत्यक्ष अश्रू ढाळण्याचे काम चंद्राकडे आणि पक्ष्याकडे सोपवलेले आहे. पुरुषाने रडू नये अशी शिकवण असलेल्या समाजातला हा माणूस आपले रडणे असे भोवतालच्या सृष्टीत वाटून टाकतो. दुसरी गोष्ट म्हणजे, ज्या व्यक्तीच्या आठवणीने ही रात्र इतकी लांबली ती व्यक्ती गीतात शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत येतच नाही. ती कोठे असेल असा विचार मनात येतो आणि गीत संपते. ती का गेली, केव्हा गेली, चूक कोणाची, यातले काहीही आपल्याला कळत नाही. सांगण्यासारखे पुष्कळ असताना गीतकाराने ते सांगितलेले नाही, आणि म्हणूनच ऐकणाऱ्या प्रत्येकाला त्या रिकाम्या जागेत आपली माणसे ठेवता येतात.

पत्रे आणि दारावरचे पुष्पचक्र

दुसरे उदाहरण आहे जॉर्ज जोन्स यांनी गाइलेल्या 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' या १९८० च्या गीताचे. बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पटमन हे त्याचे गीतकार. हे गीत फारच उदास आहे, ते कोणी विकत घेणार नाही, असे स्वतः जोन्स यांना वाटत होते. प्रत्यक्षात ते कंट्री गीतांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातील सर्वोत्तम गीताचा पुरस्कार त्याला १९८० आणि १९८१ असा लागोपाठ दोनदा मिळाला.

या गीताच्या बाबतीत माझ्या हातून एक अपराध घडला, तो येथे कबूल करते. वर्गात हे गीत ऐकवण्यापूर्वी मी प्रस्तावना केली : "आता आपण मरेपर्यंत प्रेम करणाऱ्या एका माणसाचे गाणे ऐकू. तो शेवटी मरतो." झाले! गाणे तेथेच संपले. कारण या गीताची सारी शक्ती ती गोष्ट उशिरा कळण्यात आहे.

गीत सांगणारा हा त्या माणसाचा मित्र आहे. माझे प्रेम मरेपर्यंत टिकेल, असे त्या माणसाने एका स्त्रीला सांगितलेले असते. काळ गेला की विसरशील, असे तिचे उत्तर. वर्षे जातात. तिचे छायाचित्र भिंतीवर तसेच राहते. उशाशी १९६२ सालची पत्रे असतात, आणि त्यांत जेथे जेथे प्रेमाची कबुली आहे तेथे तेथे त्याने लाल शाईने रेघ मारलेली असते. मग मित्र म्हणतो की आज मी त्याला भेटायला गेलो तर त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हते. तो चांगले कपडे घालून कोठेतरी जायला निघाल्यासारखा होता आणि कित्येक वर्षांनी त्याच्या चेहऱ्यावर हसू दिसले. ऐकणाऱ्याला वाटते, सुटला बिचारा. नव्याने जगायला निघाला. लगेच ध्रुवपद येते आणि त्यात दारावर लावलेल्या पुष्पचक्राचा उल्लेख येतो. घरात मृत्यू झाला की दारावर पुष्पचक्र लावण्याची तिकडे रीत होती. म्हणजे ते चांगले कपडे शवपेटीतले, ते हसू मृताच्या चेहऱ्यावरचे, आणि जाणे म्हणजे शेवटचे जाणे! मागचे सारे कडवे क्षणात उलटे होते. सुरुवातीच्या वचनात मरणाचा उल्लेख आहे खरा. पण तो माणूस मेला, असे सरळ विधान गीतात एकदाही नाही. त्याने प्रेम करणे थांबवले, एवढेच मित्र सांगतो, आणि वचन पाळले गेल्याचे आपले आपल्याला उमगते.

येथे लाल रेघांच्या पत्रांकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे. पत्रे हा विरहगीतातला सर्वपरिचित पदार्थ आहे. परंतु एकेका शब्दाखाली रेघ मारणारा माणूस ती पत्रे परीक्षेच्या अभ्यासासारखी पुनःपुन्हा वाचत आला आहे, हे त्या रेघांतून कळते. ती वस्तू गीतात शोभेला ठेवलेली नाही. तिच्याकडून गीतकाराने काम करून घेतले आहे.

डुकराच्या पैशांतले बूट

तिसरे उदाहरण लोरेटा लिन यांच्या 'कोल मायनर्स डॉटर' या १९७० च्या गीताचे. लोरेटा लिन (१९३२-२०२२) या केंटकी राज्यातील बुचर हॉलर या खेड्यात, कोळसा खाणीत काम करणाऱ्या मजुराच्या पोटी जन्मल्या. आठ भावंडांत त्या दुसऱ्या. गीत त्यांनी स्वतः लिहिले. मूळ रचनेत आणखी काही कडवी होती, ती निर्माते ओवेन ब्रॅडली यांच्या सांगण्यावरून गाळली गेली.

या गीतातील गरिबी वस्तूंतून आणि श्रमांतून समोर येते. वडील रात्री खाणीत आणि दिवसा मक्याच्या शेतात. आई घासलेटच्या दिव्यापाशी पोरांना निजवते. धुण्याच्या खरखरीत पाटावर कपडे घासताना तिच्या बोटांतून रक्त येते. उन्हाळाभर मुले अनवाणी. हिवाळ्यात मात्र प्रत्येकाला टपालाने मागवलेला बुटांचा नवा जोड मिळतो, आणि त्यासाठी पैसे उभे राहतात ते एक डुक्कर विकून.

या बुटांपाशी मी बराच वेळ थांबले. बूट उन्हाळ्यात का नाहीत? कारण उन्हाळ्यात अनवाणी चालता येते. बर्फात येत नाही. म्हणजे पैसा कोठे खर्चायचा आणि कोठे नाही याचा त्या घराचा संपूर्ण हिशेब त्या एका बुटांच्या जोडात आहे. वडील किती कष्टाळू आणि प्रेमळ होते याची ग्वाही देणारी दहा विशेषणे वापरली असती, तरी एवढे काम झाले नसते. शेवटी गायिका त्या घरी परत येते, तेव्हा तेथे जमिनीखेरीज फारसे काही उरलेले नसते. राहतात त्या आठवणी.

मात्र 'सत्य' म्हणजे आत्मचरित्रच असे समजण्याचे कारण नाही. मर्ल हॅगार्ड यांच्या 'मामा ट्राइड' या १९६८ च्या गीतातील नायक आपली एकविसावी वर्षगाठ तुरुंगात, सुटकेची आशा नसलेली जन्मठेप भोगत असताना गाठतो. हॅगार्ड हे खरोखर एकविसाव्या वर्षी कॅलिफोर्नियातील सॅन क्वेंटिन तुरुंगात होते. पण त्यांना जन्मठेप नव्हती. १९६० मध्ये ते सुटले आणि १९७२ मध्ये राज्याच्या गव्हर्नरने त्यांना माफीही दिली. मग त्यांनी शिक्षा वाढवून का घेतली? गीत आहे आईच्या अपयशी ठरलेल्या प्रयत्नांविषयी. मुलगा दोन वर्षांत घरी येणार असेल, तर आईचे दुःख तात्पुरते ठरते. ते कायमचे व्हावे म्हणून शिक्षाही कायमची हवी. तपशील खोटा, परंतु अपराधाची बोच खरी.

ट्रकची यादी

आता नव्या गीतांकडे वळते. माझ्या मूळ निबंधात मी ज्यांच्यावर तोंडसुख घेतले होते ती गीते प्रामुख्याने २०१० नंतरच्या दशकातली. 'फ्लोरिडा जॉर्जिया लाइन' या जोडीचे 'क्रूझ' हे २०१२ मध्ये आलेले गीत 'बिलबोर्ड' नियतकालिकाच्या कंट्री गीतांच्या यादीत एकूण २४ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. त्या वेळी तो विक्रम होता. उंच केलेला ट्रक, उघड्या खिडक्या, गावाकडचा रस्ता आणि शेजारी एक सुंदर मुलगी, असा त्याचा ऐवज. पुढे या धर्तीची इतकी गीते आली की २०१३ मध्ये जोडी रोझेन या समीक्षकाने त्यांना 'ब्रो-कंट्री' असे नाव दिले. 'ब्रो' म्हणजे मित्रांच्या टोळक्यात मिरवणारा तरुण. या गीतांत ट्रक, थंड बिअर, मातीचा रस्ता, नदीकाठ, जीन्स या वस्तू एकापाठोपाठ येतात. पण त्यांतली एखादी काढून तिथे दुसरी ठेवली, तरी गीताचे काही बिघडत नाही. बुटांच्या जोडाच्या जागी मात्र आपल्याला दुसरे काही ठेवता येत नाही.

येथवर माझे जुने वाक्य शाबूत होते. ते डळमळले ते एका जुन्याच गीतामुळे. ज्या हँक विल्यम्सला मी एकाकी रात्रीचा कवी म्हणून डोक्यावर घेतले होते, त्याचेच 'हे, गुड लुकिन' हे १९५१ चे गीत मी ऐकले. त्यात काय आहे? एक तरुण एका सुंदर मुलीला गाडीतून फिरायला बोलावतो आहे! गाडीही साधी नव्हे, तर वेगासाठी खटपट करून सजवलेली फोर्ड. म्हणजे ट्रकगीतांचा मूळपुरुष म्हणावा तर तो हाच. मी हिरमुसले होऊन सरांकडे गेले. ते हसून म्हणाले, "आता त्याच्या खिशात काय आहे ते बघ."

खिशात आहे दोन डॉलरची एकच नोट. आणि टेकडीपलीकडे त्याला एक ठिकाण ठाऊक आहे, जेथे नाचायला पैसे पडत नाहीत. म्हणजे हा ऐट करणारा तरुण जवळपास कफल्लक आहे, आणि आपली कफल्लक अवस्था ऐटीत सांगण्याची त्याची हातोटी हाच त्या गीताचा गोडवा आहे. तेव्हा गाडी असणे वा नसणे, सुखाचे गाणे असणे वा दुःखाचे असणे, हा भेदच नव्हे. प्रश्न एवढाच, की गीतातील वस्तू त्या माणसाविषयी काही सांगते, की तो कोणत्या गटातला आहे याचा नुसता बिल्ला म्हणून छातीवर लागते?

बिल्ल्याची गरज का पडली?

या प्रश्नाचे मला सुचलेले उत्तर मांडते. अमेरिकेच्या १९२० च्या जनगणनेत शहरी लोकसंख्या प्रथमच निम्म्याहून अधिक झाली. कंट्री संगीताच्या तबकड्या निघू लागल्या त्या याच दशकात. २०२० च्या जनगणनेत शहरी लोकांचे प्रमाण ८० टक्क्यांवर होते. लोरेटा लिन यांना आपण खेड्यातल्या आहोत हे सिद्ध करावे लागत नव्हते. त्यांना तेथून आलेली वाट सांगायची होती. आज गाणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे घर पुष्कळदा शहरात किंवा उपनगरात असते. जे सुटले आहे त्याच्याशी आपले नाते आहे, असे त्यांना स्वतःलाच पटवायचे असते. मग खुणांची यादी वाढत जाते.

परंतु याच परिस्थितीतून चांगले गीतही निघू शकते, हे मिरांडा लँबर्ट यांनी गाइलेल्या 'द हाउस दॅट बिल्ट मी' या २०१० च्या गीतावरून मला पटले. टॉम डग्लस आणि अ‍ॅलन शँबलिन हे त्याचे गीतकार. एक स्त्री आपल्या बालपणीच्या घराच्या दारात उभी आहे. घरात आता दुसरेच कुटुंब राहते. त्या घरच्या अनोळखी बाईकडे ती आत येऊ देण्याची विनंती करते. वर मागच्या खोलीत ती अभ्यास करी, गिटार शिकली. अंगणातल्या झाडाखाली तिचा लाडका कुत्रा पुरलेला आहे, हे त्या बाईला ठाऊकही नसणार. आई वर्षानुवर्षे मासिकांतली घरांची चित्रे कापून ठेवत असे आणि त्यांवरून वडिलांनी हे घर उभे केले. आठवणीखेरीज मी येथून काही नेणार नाही, अशी हमीही ती देते.

हे गीत लोरेटा लिन यांच्या गीताशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. दोन्हींत मुलगी जुन्या घरी परतते. एका गीतातले घर ओस पडले आहे, दुसऱ्यात परक्यांचा संसार आहे. एकीला आपण कोण हे पक्के ठाऊक आहे. नावच तिने तसे लावले आहे. दुसरी मात्र वाटेत कोठेतरी स्वतःला हरवून बसली आहे आणि ते सापडेल या आशेने आली आहे. पहिल्या गीतात गरिबीतून बाहेर पडल्याचा अभिमान आहे. दुसऱ्यात बाहेर पडल्यावरची पोकळी आहे. चाळीस वर्षांत समाज कोठून कोठे आला ते या दोन घरांवरून समजते. आणि मासिकांतून कापलेली ती चित्रे थेट बुटांच्या जोडाच्या तोलाची आहेत.

उलट उत्तराची परंपरा

नव्या ट्रकगीतांतली मुलगी बहुधा मुकी असते. ती शेजारी बसते आणि सुंदर दिसते. याला २०१४ मध्ये 'मॅडी अँड टे' या दोन तरुण गायिकांनी 'गर्ल इन अ कंट्री साँग' या गीतातून खोचक उत्तर दिले. अशा गाण्यातली मुलगी होणे किती अवघडल्यासारखे आहे, ते त्यात ती मुलगीच सांगते. हे गीत कंट्री रेडिओच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले.

हे बंड नवे आहे असे मला प्रथम वाटले होते. तेही खरे नव्हे. १९५२ मध्ये हँक थॉम्पसनच्या 'द वाइल्ड साइड ऑफ लाइफ' या गीतात घर सोडून दारूगुत्त्यांच्या झगमगाटात रमणाऱ्या स्त्रीला दोष दिला होता. त्याच वर्षी किटी वेल्स यांनी त्याच चालीवर उत्तर गाइले, की स्त्रियांना त्या वाटेला लावण्यात पुरुषांचाही हात असतो. हे गीत जे. डी. मिलर या पुरुष गीतकाराचे होते. काही ठिकाणी त्याच्या प्रसारणाला मनाई झाली. तरीही ते पहिल्या क्रमांकावर गेले. 'बिलबोर्ड'च्या कंट्री यादीत एकट्या स्त्रीने तो क्रमांक मिळवण्याची ती पहिलीच वेळ. १९७५ मध्ये लोरेटा लिन यांच्या संततिनियमनाच्या गोळीवरील 'द पिल' या गीतावरही अनेक रेडिओ केंद्रांनी बहिष्कार घातला. आणि २०१५ मध्ये कंट्री रेडिओचा एक सल्लागार जाहीरपणे म्हणाला, की या क्षेत्रात गायिका म्हणजे कोशिंबिरीतले टोमॅटो. त्या बेतानेच असाव्यात. जुना काळ सोन्याचा होता असे म्हणताना तो कोणासाठी सोन्याचा होता, हे विचारणे म्हणूनच अगत्याचे आहे.

एक गाडी, पस्तीस वर्षे

शेवटचे उदाहरण माझ्या वाक्याचा पुरता निकाल लावणारे आहे. २०२३ मध्ये ल्यूक कोम्ब्स या लोकप्रिय कंट्री गायकाने 'फास्ट कार' हे गीत गाइले आणि ते कंट्री रेडिओच्या यादीत पहिले आले. मूळ गीत ट्रेसी चॅपमन या कृष्णवर्णीय गायिकेने लिहून १९८८ मध्ये गाइलेले. त्या वेळी त्याला कोणी कंट्री म्हटले नव्हते.

या गीतातही एक गाडी आहे आणि शेजारी एक मुलगी आहे. पण बोलते ती मुलगी. वडील दारूत बुडालेले, आई घर सोडून गेलेली, त्यांना सांभाळण्यासाठी तिने शाळा सोडलेली. प्रियकराच्या वेगवान गाडीतून शहरात जावे, कामधंदा करावा, उभे राहावे, एवढे तिचे स्वप्न. दोघे जातात. ती दुकानात काम करून घर चालवते. तो मात्र तिच्या वडिलांसारखाच गुत्त्यात रमतो. गाडी तीच राहते, पण सुरुवातीला जी सुटकेची वाट होती तीच शेवटी, तू आता निघून जा, असे त्याला सांगण्याचे निमित्त होते. गाडी पुनःपुन्हा येते आणि तिचा अर्थ बदलत जातो. कोम्ब्सने गाताना मुलीचा मुलगा केला नाही. दुकानात काम करणारी मुलगी तशीच ठेवली.

या गीतासाठी २०२३ मध्ये चॅपमन यांना कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्तम गीताचा पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय गीतकार. पुढे ४ फेब्रुवारी २०२४ रोजी ग्रॅमी समारंभात दोघांनी ते गीत एकत्र गाइले. १९२० च्या दशकात दोन टोपल्यांत विभागलेल्या गाण्याची आठवण मी सुरुवातीला करून दिली होती ती यासाठी. शब्दांकडे पाहिले तर हे गीत कष्टकरी माणसाच्या घराचे, गाडीचे, दारूचे आणि निघून जाण्याचे, म्हणजे अस्सल कंट्री गीत आहे. ते कंट्री आहे हे मान्य व्हायला मात्र पस्तीस वर्षे आणि एका गोऱ्या गायकाचा आवाज लागला.

उपसंहार

वर्षभराच्या वाचनातून मी तीन प्रश्न विचारायला शिकले, ते सहाध्यायांपुढे ठेवते. गीतात कोण बोलते आहे आणि कोणाला बोलू दिलेले नाही? त्याने काय सांगायचे टाळले आहे? आणि त्यातली वस्तू काही काम करते, की नुसती उभी आहे? हे प्रश्न १९४९ च्या गीताला जेवढे लागू पडतात तेवढेच २०२३ च्याही. जुन्या काळीही पोकळ गीते ढिगाने निघाली असणार. ती आज कोणी वाजवत नाही, एवढेच. आजच्या ढिगातून काय टिकेल ते चाळण्याचे काम आपल्याला करावयाचे आहे.

जाता जाता एक कबुली. तिसरा प्रश्न मी स्वतःलाही विचारला. दोन वर्षांपूर्वी याच वार्षिकात माझी गावावरची कविता छापून आली होती. तिच्यात जाते होते, कंदील होता, बैलगाडी होती, पाटाचे पाणी होते. वाचून कित्येकांनी शाबासकी दिली होती. वस्तुतः मी वाढले तालुक्याच्या गावी. आजोळी जाते ती मे महिन्यापुरती. आजीचे जाते मी कधी फिरताना पाहिलेले नाही. त्याची तळी मागील दारी पायरीसारखी बसवली आहे; शेतातून आलेला मामा तिच्यावर उभा राहून पाय धुतो. हे मला तेव्हाही ठाऊक होते. पण कवितेत मी जाते फिरवले, कारण गावाच्या कवितेत ते फिरत असावे लागते अशी माझी समजूत होती.

मी दुसऱ्यांच्या ट्रकना हसत होते, तेव्हा माझीही यादी छापून तयार होती. ती कविता आता मी पुन्हा लिहायला घेतली आहे. या खेपेस फक्त ती पायरी ठेवणार आहे.